दुभाषी बोलावणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांचे प्रशासक, न्यायालयांचे प्रबंधक आणि पोलीस ठाण्यांचे प्रमुख अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

साक्ष बिघडली किंवा रुग्णाने औषध चुकीचे घेतले, की चौकशी दुभाष्यापासून सुरू होते. त्याला कोणी बोलावले, कोणती भाषा सांगून बोलावले, आधी कागद दाखवले होते का, तो कुठे उभा होता आणि किती वेळ सलग काम करत होता, हे सहसा कुणी विचारत नाही. दुभाष्याच्या नावावर जमा होणाऱ्या बऱ्याच चुका त्याने तोंड उघडण्याआधीच, किंवा सांकेतिक भाषेच्या बाबतीत हात उचलण्याआधीच, ठरून गेलेल्या असतात. त्या टाळणे बोलावणाऱ्याच्या हातात असते, म्हणून हे पत्र तुमच्या नावे.

हक्काबद्दल फार लिहीत नाही, तो वाद मिटलेला आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय करारातील चौदाव्या कलमाने न्यायालयाची भाषा न समजणाऱ्या आरोपीला विनामूल्य दुभाषी मिळण्याचा हक्क मान्य केला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने सांकेतिक भाषांना भाषा म्हटले आणि व्यावसायिक सांकेतिक दुभाष्यांचा नावानिशी उल्लेख केला. कामाचे आंतरराष्ट्रीय मानकही आता आहे: कायद्याच्या क्षेत्रासाठी 2019 चे आयएसओ 20228 आणि आरोग्यसेवेसाठी 2020 चे आयएसओ 21998. अडते ते रोजच्या कारभारात.

पहिली अडचण, कुणाला बोलावले जाते ही. दोन्ही भाषा येणारा नातेवाईक, सफाई कर्मचारी, दुसऱ्या विभागातली परिचारिका, पहारा देणारा शिपाई, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रुग्णाचे लहान मूल. हेतू चांगला असतो, म्हणून धोका दिसत नाही. नातेवाईक वाईट बातमी गाळतो. नको त्या आजाराचे नाव बदलतो. स्वतःला पटणारा सल्ला स्वतःहून जोडतो. घरात मार खाणाऱ्या बाईचा दुभाषी तिचा नवराच असेल, तर तिने काय सांगितले हे डॉक्टरला कधीच कळणार नाही. मुलाला आईच्या रक्तस्रावाबद्दल प्रश्न विचारायला लावणे, हा त्या मुलावरचा अन्याय तर आहेच, शिवाय त्याला निम्मे शब्द ठाऊक नसतात.

अमेरिकेतल्या दोन बाल-आपत्कालीन विभागांतील संवाद ध्वनिमुद्रित करून 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचे एकूण चुकांतले प्रमाण व्यावसायिक दुभाष्यांच्या बाबतीत 12 टक्के होते, आयत्या वेळी धरून आणलेल्यांच्या बाबतीत 22 टक्के, आणि दुभाषी नसताना 20 टक्के. म्हणजे धरून आणलेला माणूस असणे आणि कुणीच नसणे, यात फारसा फरक उरला नाही. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा: निदान 100 तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांत हे प्रमाण 2 टक्क्यांवर आले, पण नुसत्या अनुभवाच्या वर्षांनी असा फरक पडला नाही. तेव्हा यादीत नाव घालताना ‘किती वर्षे करता’ यापेक्षा ‘कुठे, किती तास शिकलात आणि परीक्षा कोणी घेतली’ हे विचारा.

आता फोन करतानाची गोष्ट. ‘अरबी हवा’ एवढे सांगून चालत नाही, कारण मोरोक्कोतल्या खेडुताची आणि इराकी माणसाची बोली एकमेकांना जेमतेम कळते. ‘कुर्दी’ म्हटले तर कुर्मांजी की सोरानी, ‘चिनी’ म्हटले तर मँडरिन की कँटोनीज, हे ठरल्याशिवाय दुभाषी निघूच नये. माणसाच्या पारपत्रावरून त्याची भाषा ठरवू नका. त्यालाच विचारा, कोणत्या गावचा हे विचारा, आणि शक्य असेल तर आलेल्या दुभाष्याशी दोन मिनिटे कामाव्यतिरिक्तचे बोलू द्या. दोघांचे जमत नसेल, तर ते याच दोन मिनिटांत कळते. साक्षीच्या मध्यावर कळले, तर आधीची सगळी साक्ष संशयात जाते.

सांकेतिक भाषेबाबत गैरसमज आणखी मोठे आहेत. जगभर एकच सांकेतिक भाषा नाही. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलली जाते, पण तिथल्या सांकेतिक भाषा अगदी वेगळ्या आहेत. अमेरिकन सांकेतिक भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. शिवाय प्रत्येक कर्णबधिर माणसाला प्रस्थापित सांकेतिक भाषा येतेच असे नाही. शाळा लाभली नाही, इतर कर्णबधिर भेटले नाहीत, अशा माणसाकडे फक्त घरच्यांशी जमवलेल्या खुणा असतात. त्याच्यासाठी ऐकू येणारा दुभाषी कितीही निष्णात असला, तरी एकटा पुरत नाही. इथे कर्णबधिर दुभाषी लागतो. प्रश्न ऐकू येणारा दुभाषी सांकेतिक भाषेत मांडतो, कर्णबधिर दुभाषी तो खुणा, चित्र, अभिनय, समोरच्या वस्तू वापरून त्या माणसापर्यंत नेतो, आणि उत्तर त्याच साखळीने परत येते. वेळ दुपटीहून जास्त लागतो. मानसिक धक्का बसलेली व्यक्ती, लहान मूल, भाषेवर परिणाम झालेला पक्षाघाताचा रुग्ण यांच्यासाठीही हीच जोडी मागवा. दृष्टीही नसेल, तर हातात हात धरून काम करणारा स्पर्शदुभाषी वेगळा असतो, हे फोनवरच सांगायला हवे.

‘लिहून दाखवू’ किंवा ‘ओठ वाचेल’ हे पर्याय आणीबाणीत नाव-पत्ता विचारण्यापुरते ठीक आहेत. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. क, ग, ह दिसतच नाहीत. बाकी अंदाज असतो, आणि मान डोलावणे म्हणजे कळले असे नव्हे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा असते. संमतीपत्रातली लांबलचक वाक्ये कागदावर पुढे सरकवून सही घेतली, तर ती सही कितपत टिकेल याचा विचार तुमच्या कायदा सल्लागाराने करावा.

कागद आधी मिळण्याबाबत न्यायालयांचा हात फार आखडता असतो. दुभाष्याचे मत कलुषित होईल, असे कारण दिले जाते. न्यायाधीशही फाइल वाचूनच आसनावर बसतात. दुभाष्याला मत द्यायचेच नसते, आणि शपथ व गोपनीयता त्याला बांधून असतात. त्याला लागते ते एवढेच: आरोपपत्र, व्यक्ती आणि ठिकाणांची नावे, तारखांचा क्रम, मुद्देमालाची यादी, तज्ज्ञाचा अहवाल असेल तर तो. शवविच्छेदनाचा अहवाल किंवा बंदुकीच्या भागांची नावे साक्षीच्या क्षणी पहिल्यांदा कानावर पडली, तर दुभाषी एक तर थांबेल किंवा मोघम बोलेल. थांबणारा चांगला, पण त्यालाच अकार्यक्षम ठरवले जाते. रुग्णालयात एवढा पसारा लागत नाही. दाराबाहेरची दोन मिनिटे पुरतात: आजार कोणता, आज काय सांगायचे आहे, कोणती तपासणी होणार, वाईट बातमी आहे का. अवयव काढावा लागणार, ही गोष्ट दुभाष्याला रुग्णाबरोबरच कळली, तर त्याच्या चेहऱ्यावर ती रुग्णाला शब्दांआधी दिसते.

खोलीतली मांडणी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. बोली भाषेचा दुभाषी रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे बसला, की रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांकडे पाहून बोलतात. सांकेतिक दुभाष्याचे उलट: तो डॉक्टरच्या शेजारी, रुग्णाच्या समोर हवा, म्हणजे एकाच नजरेत दोघे दिसतात. त्याच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड मागून आला की हात आणि चेहरा काळे पडतात. सांकेतिक भाषेचे व्याकरण अर्धे चेहऱ्यावर असते. भुवया, गाल, ओठ यांवरून प्रश्न, नकार, प्रमाण कळते. त्यामुळे साधा मास्क लावलेला दुभाषी अर्धी वाक्येच सांगत असतो, पारदर्शक मास्क ठेवा. सलाइनची सुई ज्या हाताने रुग्ण जास्त खुणा करतो त्या हाताला लावू नका, आणि दुसऱ्या हातालाही मनगट मोकळे राहील अशी लावा. दोन्ही हात बांधून ठेवायची वेळ आली, तर त्या रुग्णाची वाचा आपण काढून घेतली आहे, याची नोंद व्हायला हवी.

एमआरआयच्या नळीत गेल्यावर कर्णबधिर रुग्णाला सूचना ऐकूही येत नाहीत आणि दुभाषी दिसतही नाही. म्हणून श्वास कधी रोखायचा, कधी सोडायचा, त्रास झाला तर काय करायचे, हे आत जाण्याआधी ठरवा. पायाला स्पर्श करून देण्याच्या खुणा चालतात. दुभाषी खोलीत थांबणार असेल, तर त्याचीही धातूची तपासणी करा. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत पट्टी बांधण्यापूर्वी सगळे सांगून घ्या. भूल देण्याआधी चष्मा आणि श्रवणयंत्र शेवटच्या क्षणापर्यंत राहू द्या, आणि शुद्धीवर येताना दोन्ही आणि दुभाषी, तिन्ही जवळ असू द्या. शस्त्रक्रियेआधी दुभाषी आणि नंतर कुणीच नाही, हा प्रकार नेहमीचा आहे. वेदना किती हे सांगता न येणारा रुग्ण मग ‘अस्वस्थ’ म्हणून नोंदला जातो.

पोलिसांना वेगळे सांगायचे आहे. कर्णबधिर माणसाला पाठीमागे बेड्या घालणे म्हणजे त्याच्या तोंडात बोळा कोंबून जबाब मागणे. सुरक्षेला धोका नसेल तर चौकशीवेळी बेड्या काढा, काढता येत नसतील तर पुढून आणि सैल. अटकेच्या वेळी हातवारे दिसले म्हणजे अंगावर येतो आहे, असे धरून चालू नका.

आणि जबाब. लिहून घेतलेल्या जबाबात जे शब्द असतात ते दुभाष्याचे असतात. मूळ उत्तर हवेत विरलेले असते. पुढे वाद झाला, की तपासायला काहीच शिल्लक नसते. बोली भाषेसाठी प्रश्न, मूळ उत्तर आणि भाषांतर असे तिन्ही ऐकू येईल असे ध्वनिमुद्रण करा. सांकेतिक भाषेसाठी चित्रमुद्रण, आणि त्यात दोन कॅमेरे: एक जबाब देणाऱ्यावर, एक दुभाष्यावर. कमरेपासून डोक्याच्या थोडे वरपर्यंत चौकट हवी, हात बाहेर जाता कामा नयेत. एकाच कॅमेऱ्यात अधिकाऱ्याचे टेबल, पंखा आणि जबाब देणाऱ्याची पाठ, असे मुद्रण कुणाच्याच उपयोगाचे नसते.

प्रश्न कसा विचारता यावर सांकेतिक भाषेत बरेच अवलंबून असते. ‘त्याने तुला मारले का?’ हे बोलताना तटस्थ वाटते. पण खूण करताना मूठ, तळहात, काठी यांपैकी काहीतरी दाखवावे लागते, आणि जे दाखवू ते साक्षीदाराला सुचवल्यासारखे होते. म्हणून चांगला दुभाषी इथे थांबून विचारतो, कशाने मारल्याचे अभिप्रेत आहे, की ते अजून माहीत नाही? मग प्रश्न ‘त्याने काय केले, दाखव’ असा मोकळा होतो. वकिलांनी याला आडकाठी समजू नये. नकारार्थी प्रश्नांची गोष्टही अशीच. ‘तुम्ही तिथे गेला नव्हता ना?’ याला आलेला होकार काही भाषांत ‘गेलो नव्हतो’ असा, तर काहींत ‘गेलो होतो’ असा होतो. उलटतपासणीत असे प्रश्न विचारणे हा वकिलाचा हक्क आहे, पण उत्तर एका शब्दावर सोडू नये.

न्यायालयात दुभाषी साक्षीदाराचे बोलणे प्रथमपुरुषात सांगतो: ‘मी पाहिले.’ ‘तो म्हणतो की त्याने पाहिले’ असे नाही. स्वतःबद्दल बोलायचे असेल तेव्हा तो ‘दुभाषी विनंती करतो’ असे म्हणतो, म्हणजे लघुलेखकाच्या नोंदीत गल्लत होत नाही. अडखळणे, अर्धवट वाक्य, शिवी, ‘बहुतेक’, ‘मला वाटते’ हे सगळे तसेच यायला हवे. अडाणी साक्षीदाराची भाषा दुभाष्याने घासून पुसून सभ्य केली, तर न्यायाधीश दुसऱ्याच माणसाची साक्ष ऐकत असतात. मानसोपचार विभागात तर हे निदानावर जाते. रुग्ण असंबद्ध बोलत असेल तर असंबद्धच सांगायचे, आणि अर्थ लागत नसल्यास तेही सांगायचे. दुसरीकडे, सांकेतिक भाषेतले वेगवान हातवारे पाहून अनुभव नसलेला डॉक्टर उन्मादाचा शेरा मारू शकतो. दुभाष्याने निदान करू नये, पण ‘ही या भाषेतली नेहमीची पद्धत आहे’ एवढे सांगण्याची मुभा त्याला असावी.

तुम्ही बोलताना दोन-तीन वाक्यांनंतर थांबा, आणि रुग्णाकडे बघून त्यालाच ‘तुम्हाला’ म्हणा. ‘याला विचारा, दुखते का’ असे नको. आकडे सावकाश सांगा. काही भाषांत दशक आधी आणि एकक नंतर येते, काहींत उलट, त्यामुळे 52 चे 25 होणे ही थकलेल्या दुभाष्याची नेहमीची चूक आहे. औषधाची मात्रा, तारीख, वाहन क्रमांक हे अंकाअंकाने सांगून कागदावरही लिहा. शेवटी ‘समजले का?’ विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते सांगा’ असे विचारा. संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून दुभाष्याची सही घेऊ नका. त्याने भाषांतर केले एवढेच तो सांगू शकतो, रुग्णाला कळले याची हमी देणे डॉक्टरचे काम. आणि दहा पानी कागद हातात ठेवून ‘जरा वाचून दाखवा, मी येतोच’ म्हणत खोलीबाहेर जाणे तर अजिबात नको. रुग्णाच्या प्रश्नांना उत्तर द्यायला मग कोणीच नसते, आणि दुभाषी नकळत डॉक्टर होतो.

थकवा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यात 1945-46 मध्ये चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चालत असे. दुभाष्यांच्या हाती दिव्यांची कळ होती: पिवळा लागला की बोलणाऱ्याने सावकाश बोलायचे, लाल लागला की थांबायचे. त्या न्यायपीठापुढे मोठमोठे वकील या दिव्याला मानत. आज अनेक न्यायदालनांत दुभाष्याला हात वर करायचीही सोय नसते. एकाच वेळी ऐकून बोलायचे काम साधारण 20 ते 30 मिनिटांनंतर घसरू लागते, आणि घसरते आहे हे बहुधा दुभाष्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणूनच दिवसभराच्या सुनावणीला दोघे लागतात. एक काम करत असताना दुसरा रिकामा बसलेला दिसतो खरा, पण तो नावे-आकडे टिपत, चूक पकडत असतो. दुसऱ्याचे मानधन वाचवणाऱ्या कार्यालयाने सुनावणी तरी तासाभराच्या आत संपवावी, किंवा दर अर्ध्या तासाने विश्रांती द्यावी.

आरोपी आणि त्याचा वकील यांच्या खासगी बोलण्यासाठी न्यायालयाचाच दुभाषी वापरला जातो, हेही थांबायला हवे. दुभाष्यावर अविश्वास म्हणून हे आम्ही सांगत नाही. सकाळी वकिलाशी झालेली गोपनीय चर्चा कानावर पडलेला माणूस दुपारी साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभा राहिला, तर कुणाचाच त्याच्यावर विश्वास राहत नाही. ठाण्यात जबाबाला होता तो दुभाषी खटल्यालाही तोच, असे तर मुळीच करू नका. त्याच्याच भाषांतरावर वाद झाला तर त्यालाच साक्षीला उभे करावे लागते.

फोनवरचा किंवा पडद्यावरचा दुभाषी स्वस्त आणि लवकर मिळतो. रात्री दोन वाजता दुर्मीळ भाषेसाठी तो वरदानच आहे. औषधांचे वाटप, पुढची तारीख, साधी तपासणी यांना चालतो. फोनवर खोलीत कोण कोण आहे ते आधी सांगा, कारण त्याला काहीच दिसत नाही. पडद्यावरच्या सांकेतिक दुभाष्याला मात्र मर्यादा आहेत. चित्र अडखळले की वाक्य तुटते, रुग्ण आडवा असला की पडदा दिसत नाही, तिघे एकदम बोलले की कोण काय म्हणाले कळत नाही. प्रसूती, मानसिक आणीबाणी, लैंगिक अत्याचाराची तपासणी, उलटतपासणी यांसाठी माणूस प्रत्यक्ष बोलवा. आणीबाणीत पडद्यावर सुरुवात करा, पण त्याच मिनिटाला प्रत्यक्ष दुभाष्यालाही फोन जाऊ द्या. आणि त्या चाकांच्या पडद्याचे चार्जिंग कोण करते, हे ठरवून ठेवा. ऐन वेळी बंद पडलेला पडदा ही रुग्णालयांतली नेहमीचीच गोष्ट आहे.

अत्याचाराच्या प्रकरणात दुभाषी पुरुष की स्त्री हे पीडितेला विचारा. दुभाषी त्याच छोट्या समाजातला असेल तर ओळखीचा प्रश्न येतो, कर्णबधिरांच्या समाजात तर जवळपास नेहमीच. ओळख असेल तर दुभाष्याने ती सुरुवातीलाच सांगावी, आणि ते ऐकून त्याला बदलणे हा त्याचा अपमान समजू नये. प्रतीक्षागृहात रुग्ण आणि दुभाष्याला एकटे बसवू नका. तिथे सांगितलेली गोष्ट रुग्णाला डॉक्टरला सांगितल्यासारखीच वाटते, आणि आत गेल्यावर ती निसटते.

शेवटी नोंद. केसपेपरवर आणि सुनावणीच्या रोजनाम्यात प्रत्येक वेळी हे लिहा: भाषा आणि बोली, दुभाष्याचे नाव व पात्रता, प्रत्यक्ष की पडद्यावर, सुरू आणि समाप्तीची वेळ, मध्ये कुणी बदलले का, दुभाष्याने कोणत्या ठिकाणी शंका उपस्थित केली. दुभाषी मिळाला नाही, तर कोणाकोणाला फोन केले आणि तोवर काम कसे भागवले, तेही. रुग्णाने दुभाषी नाकारला असेल तर तो नकार त्याच्या भाषेत, दुभाष्यामार्फतच नोंदवा. नातेवाइकाने ‘नको म्हणतोय’ असे सांगणे हा नकार होत नाही. छापील अर्जात यासाठी रकाना नसेल, तर पुढची छपाई होण्याआधी तो घालून घ्यावा, ही विनंती.

कळावे,

आपले,
बोली आणि सांकेतिक भाषांचे न्यायालयीन व वैद्यकीय दुभाषी